कोण किती थांबतं, त्यावर सगळं

युरोपात द्राक्षं पाठवायची तर बागेतल्या नमुन्याचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फवारलेल्या औषधांचे किती अंश उरलेत याचा अहवाल लागतो. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना हा कागद चांगला माहितीचा. औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येक नावापुढे एका किलोत किती मिलिग्रॅम सापडलं, तो आकडा. एखाद्या रसायनाची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम असते. कागदावर हा आकडा साधा दिसतो, म्हणून जरा मोठा करून बघू. पंधरा टन द्राक्षांचा कंटेनर धरला, तर त्या सगळ्या मालात मिळून पाऊण ग्रॅम. त्याच्या वर गेलं की माल अडकला.

प्रयोगशाळेच्या हातात तर अख्खा कंटेनरही नसतो. नमुन्याची द्राक्षं वाटून केलेल्या लगद्यातला दहाएक ग्रॅम लगदा तपासणीला घेतला जातो. त्यात आपलं रसायन मर्यादेइतकं असेल, तर ते भरतं अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दोन हजारावा भाग. बाकी सगळी साखर, आम्लं, सालीतले रंग, टॅनिन, मेण आणि इतर शेकडो पदार्थ.

हे सापडतं कसं? यंत्राची नजर फार तीक्ष्ण असेल, अशी बहुतेकांची समजूत असते. नजर तीक्ष्ण असते हे खरं, पण शेकडो पदार्थ एकदम समोर आले तर तिचाही गोंधळ उडतो. आधी ती गर्दी पांगवावी लागते आणि एकेकाला वेगवेगळ्या वेळी समोर आणावं लागतं. हे काम क्रोमॅटोग्राफी करते. रक्तातली तीन महिन्यांची साखर, औषधाच्या गोळीची शुद्धता, गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातलं अल्कोहोल, कॅन्सरवरच्या महागड्या इंजेक्शनातलं प्रथिन, या सगळ्यांच्या मागे हेच तंत्र आहे.

त्याबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. क्रोमॅटोग्राफी कुणालाही ओळखत नाही. ती फक्त उशीर करते, कुणाला कमी, कुणाला जास्त.

खडू, पाणी आणि स्केचपेन

घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. फळ्यावर लिहायच्या खडूला खालून दोन बोटं वर काळ्या स्केचपेननं एक गोल रेघ मारा. पेन पाण्यात विरघळणाऱ्या शाईचं हवं, परमनंट मार्कर चालणार नाही. बशीत अगदी थोडं पाणी घ्या आणि खडू त्यात उभा करा, रेघ पाण्याच्या वर राहील असा. पाणी खडूत वर चढू लागतं, रेघेपाशी पोचतं आणि शाईला घेऊन पुढे निघतं. थोड्या वेळानं त्या एका काळ्या रेघेचे निळे, लाल, पिवळे पट्टे झालेले दिसतात. क्रम पेनाच्या कंपनीप्रमाणे बदलतो. काळी म्हणून विकलेली शाई ही तीन-चार रंगांची मिसळ होती आणि पाण्यानं ती उलगडली.

यात दोनच पात्रं आहेत. एक जागेवर बसून असलेलं, म्हणजे खडू. दुसरं वाहणारं, म्हणजे पाणी. प्रयोगशाळेत त्यांना स्टेशनरी फेज आणि मोबाइल फेज म्हणतात. शाईतला प्रत्येक रेणू सतत या दोघांमध्ये ये-जा करत असतो. क्षणभर खडूला चिकटतो, सुटतो, पाण्यासोबत वाहतो, पुन्हा चिकटतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो कळला की बाकीचं सोपं होतं. पुढे गेलेला रंग 'जोरात पळणारा' नसतो. पाण्यात असताना सगळे रेणू पाण्याच्याच वेगानं जातात. फरक पडतो तो थांबण्यात. सणाच्या आधी तुळशीबागेतून घरातली सगळी मंडळी एकाच चालीनं निघाली, तरी दुसऱ्या टोकाला एकत्र पोचत नाहीत. एक जण कुठेच न थांबता बाहेर पडतो, दुसरी व्यक्ती प्रत्येक बांगडीवाल्यापाशी रेंगाळते. तीच माणसं अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांमधून चालवा, बाहेर पडण्याचा क्रम कदाचित उलटा होईल. माणसं तीच, दुकानं बदलली. क्रोमॅटोग्राफी करणाऱ्याचं निम्मं कौशल्य दुकानं कुठली मांडायची हे ठरवण्यात असतं.

आता थोडं गणित. समजा एक रेणू आपला निम्मा वेळ थांबण्यात घालवतो आणि दुसरा ५१ टक्के. एका चिकटण्या-सुटण्यात हा फरक काहीच नाही. पण खडूऐवजी भुकटीनं भरलेली लांब नळी घेतली, तर तिच्यात हे हजारो वेळा घडतं. पहिला रेणू १०० मिनिटांत बाहेर आला, तर दुसऱ्याला साधारण १०२ मिनिटं लागतात. मग झाले वेगळे? नाही. कारण एकाच जातीचे सगळे रेणूही एकाच क्षणी बाहेर पडत नाहीत. कुणी नशिबानं दोन-चार वेळा कमी चिकटतो, कुणी जास्त. त्यामुळे कुठल्या मिनिटाला किती बाहेर पडलं याचा आलेख काढला, तर प्रत्येक पदार्थ त्यावर काडीसारखा न येता टेकडीसारखा पसरून येतो. शंभराव्या मिनिटाला येणारी टेकडी पायथ्याशी चार मिनिटं रुंद असेल, तर दोन मिनिटांचं अंतर तिच्यातच बुडून जातं.

टेकडी अरुंद करायची तर चिकटण्या-सुटण्याच्या संधी वाढवायच्या. पण संधी चौपट केल्या तेव्हा कुठे रुंदी निम्मी होते. क्रोमॅटोग्राफीच्या इतिहासातला बराचसा घाम या एका वाक्यावर गळला आहे.

हिरव्या पानातले रंग

मिखाईल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. जन्म १८७२ चा, इटलीतल्या आस्ती गावचा. आई इटालियन, वडील रशियन. वॉर्सात काम करताना त्याच्यापुढे प्रश्न होता, की पानाच्या हिरवेपणात नेमके किती रंग असतात. त्यानं पानं वाटून त्यांचा अर्क पेट्रोलियम ईथरसारख्या द्रावकात काढला, अरुंद काचनळीत कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खऱ्याखुऱ्या खडूची, बारीक भुकटी ठासून भरली आणि अर्क वरून ओतला. मागोमाग स्वच्छ द्रावक सोडत राहिला. नळीत रंगांचे पट्टे उतरू लागले. नारिंगी-पिवळं कॅरोटीन सर्वांत पुढे निघालं, कारण खडूत त्याला धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं. निळसर हिरवं क्लोरोफिल-ए मागे राहिलं आणि पिवळसर हिरवं क्लोरोफिल-बी त्याच्याही मागे.

१९०६ साली त्यानं हे जर्मन नियतकालिकात छापलं आणि तंत्राला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. रसायनशास्त्रज्ञांना मात्र ते पटलं नाही. त्या काळी शुद्ध पदार्थ म्हणजे स्फटिक होऊन हातात आलेला, वजन करता येणारा पदार्थ. नळीतला रंगीत पट्टा दाखवून 'हा वेगळा पदार्थ आहे' म्हणणारा माणूस, तोही वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांना भरवशाचा वाटेना. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी १९१५ चं नोबेल मिळवणारा रिखार्ड विल्श्टेटर हा या साशंकांतला सर्वांत मोठा माणूस. त्याला वाटे की भुकटीवर चिकटताना क्लोरोफिल मोडत असावं. शंका अगदीच वेडगळ नव्हती. चुकीची भुकटी घेतली तर क्लोरोफिल खरोखरच मोडतं. त्स्वेतनं म्हणूनच अनेक भुकट्या तपासून सौम्य असलेली निवडली होती. दुकानं कुठली मांडायची, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून असा होता.

त्स्वेत १९१९ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याचं तंत्र पुढे दहा-बारा वर्षं जवळपास पडून राहिलं. १९३१ मध्ये हायडेलबर्गला रिखार्ड कून आणि एडगर लेडरर यांनी कॅरोटीन हा एकच पदार्थ नसून त्याची निरनिराळी रूपं आहेत हे याच पद्धतीनं दाखवलं आणि मग सगळीकडे काचनळ्या उभ्या राहिल्या. लेडररच्या उपयोगी पडलं ते त्स्वेतच्या रशियन पुस्तकाचं जर्मन भाषांतर. ते विल्श्टेटरनंच करून घेतलेलं होतं.

लोकर, कागद आणि बारीक वाळू

पुढची झेप इंग्लंडात लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत घेतली गेली. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना लोकरीच्या प्रथिनातली अमिनो आम्लं वेगळी करायची होती. ती सगळी एकमेकांसारखी. त्यांनी कोरड्या भुकटीऐवजी सिलिकाच्या कणांवर पाण्याचा थर बसवला आणि त्यावरून क्लोरोफॉर्म वाहू दिलं. रेणूनं भुकटीला चिकटायचं नाही, तर दोन द्रवांपैकी कशात किती वेळ राहायचं ते ठरवायचं. १९४१ चा त्यांचा तो शोधनिबंध आजही वाचण्यासारखा आहे. वाहणारा पदार्थ वायूसुद्धा असू शकेल आणि कण फार बारीक करून जास्त दाब दिला तर वेगळं करण्याची क्षमता पुष्कळ वाढेल, ही दोन्ही भाकितं त्यात आहेत. १९५२ साली दोघांना नोबेल मिळालं.

१९४४ मध्ये सिलिकाची जागा साध्या गाळणकागदानं घेतली आणि खर्च जवळपास शून्यावर आला. कागदावर थेंब, खाली द्रावक, नंतर निनहायड्रिनचा फवारा, की अमिनो आम्लांचे जांभळे ठिपके उमटतात. फ्रेडरिक सँगरनं इन्सुलिनमधला अमिनो आम्लांचा क्रम लावला त्यात या कागदाचा मोठा वाटा होता. डीएनएमध्ये अ‍ॅडेनिन तेवढंच थायमिन आणि ग्वानिन तेवढंच सायटोसिन, हे एर्विन चारगाफला कळलं तेही याच कागदामुळे.

आजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत कागदाच्या जागी काचेवर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर पसरलेली सिलिका असते. विद्यार्थी तिला टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) म्हणतात आणि अभिक्रिया पुरी झाली का ते बघायला दिवसातून कितीदा तरी लावतात. टीएलसीवर दोन ठिपके नीट वेगळे दिसले की तोच मसाला जाड काचनळीत भरून 'कॉलम टाकायचा' आणि टेस्ट ट्यूबमागून टेस्ट ट्यूब भरत बसायचं. संशोधन करणाऱ्यांच्या तरुणपणाचे बरेच दिवस या कॉलमनं खाल्लेत.

मार्टिन-सिंज यांचं बारीक कणांचं भाकीत खरं व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागली, कारण बारीक कणांतून द्रव ढकलणं सोपं नाही. कणांचा आकार निम्मा केला तर त्याच वेगासाठी दाब चौपट लागतो. १९६० च्या दशकात चांगले पंप, पोलादी नळ्या आणि एकसारखे कण तयार झाले, तेव्हा एचपीएलसी, म्हणजे जास्त दाबावर चालणारी द्रव क्रोमॅटोग्राफी, उभी राहिली. नेहमीचा कॉलम पेन्सिलीएवढ्या जाडीचा, २५ सेंटिमीटर लांबीचा असतो आणि आत पाच मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजारांशांएवढे, सिलिकाचे कण असतात. अलीकडच्या यंत्रांत कण दोन मायक्रॉनच्याही खाली गेलेत. तिथे दाब १००० बारपर्यंत जातो, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या हजारपट, आणि पूर्वी अर्धा तास खाणारं काम काही मिनिटांत उरकतं.

दुकानं कुठली मांडायची

अकरावीच्या पुस्तकात क्रोमॅटोग्राफीचे प्रकार असतात. माझी त्यावर तक्रार आहे. प्रकारांचा तक्ता पाठ होतो आणि तक्त्यामागचा साधा प्रश्न निसटतो. तो प्रश्न असा, की या रेणूंमध्ये फरक आहे तरी कशाचा? विद्युतभाराचा असेल, तर उलट्या भाराची भुकटी घ्या. तेलकटपणाचा असेल, तर तेलकट पृष्ठभाग घ्या. एचपीएलसीत सर्वाधिक वापरला जाणारा सी-१८ कॉलम असाच असतो. सिलिकाच्या कणांवर अठरा कार्बनच्या साखळ्यांचं जणू गवत उगवलेलं असतं. त्यात तेलकट रेणू रमतात आणि पाण्याची ओढ असलेले सरळ निघून जातात. आकाराचा फरक असेल तर छिद्रं असलेले मणी घ्या. इथे मात्र उलटं घडतं. लहान रेणू छिद्राछिद्रात शिरत बसतात, मोठ्यांना शिरताच येत नाही, म्हणून मोठे आधी बाहेर येतात.

आणि रेणू न मोडता वाफ होणारा असेल, तर गॅस क्रोमॅटोग्राफी. मार्टिननं अँथनी जेम्सबरोबर १९५२ मध्ये ती करून दाखवली. आज तिची नळी केसाच्या काही पट जाड, ३० मीटर लांब, वेटोळं करून भट्टीत ठेवलेली असते आणि आतून हेलियम किंवा हायड्रोजन वाहत असतो. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही वाहनचालकांसाठी कायद्यानं घातलेली मर्यादा आहे. ती ओलांडली का हे न्यायवैद्यक प्रयोगशाळा रक्तावर जमलेली वाफ या नळीत सोडून ठरवते.

आता पुन्हा द्राक्षांकडे, कारण दुकानं चुकली तर काय होतं याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं नाही.

बागायतदार ज्याला नुसतं सीसीसी म्हणतात, ते म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. खरड छाटणीनंतर फुटींचा जोर आवरायला आणि सूक्ष्म घडनिर्मितीला मदत व्हावी म्हणून ते फवारलं जायचं. वेलीत ते बराच काळ टिकतं. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत ते ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं, कंटेनर अडकले आणि नाशिक भागातल्या बागायतदारांना नि निर्यातदारांना मोठा फटका बसला.

या रेणूचा स्वभाव बघा. त्यातल्या नायट्रोजनवर कायमचा धनभार आहे. पाणी कितीही आम्ल करा, अल्कली करा, तो भार जात नाही. त्यामुळे हा रेणू मिठासारखा वागतो. आता शेकडो कीडनाशकं एकदम शोधायची नेहमीची पद्धत घ्या. लगद्यात इथाइल अ‍ॅसिटेट घालून घुसळायचं, म्हणजे कीडनाशकं त्या द्रावकात येतात. सीसीसी येत नाही, ते लगद्याच्या पाण्यातच राहतं. थोडंफार आलं असं धरलं आणि गॅस क्रोमॅटोग्राफीत सोडलं, तर त्याची वाफ होत नाही. सी-१८ कॉलमवर टाकलं, तर त्या तेलकट गवतात त्याला क्षणभरही थांबावंसं वाटत नाही. साखर आणि आम्लांच्या लोंढ्याबरोबर ते पहिल्याच मिनिटाला बाहेर पडतं आणि त्या लोंढ्यात दिसेनासं होतं. शंभर कीडनाशकं अचूक मोजणारी प्रयोगशाळा, ज्यात कुणाचीही हयगय नाही, हे रसायन समोर असूनही न बघता पुढे जाऊ शकते.

त्याला पकडायचं तर सगळंच निराळं लागतं. अर्क काढायला आम्ल घातलेलं मिथेनॉल आणि कॉलम पाण्याचा पातळ थर धरून ठेवणारा. मग सीसीसी तिथे रेंगाळतं आणि साखरेपासून वेगळ्या वेळी बाहेर येतं. दारात मास स्पेक्ट्रोमीटर बसलेला असतो. तो रेणूचं वजन करतो, हायड्रोजनच्या मापात १२२, मग त्याचे तुकडे करून ५८ वजनाचा तुकडा निघतो का तेही बघतो. वेळ जुळली, वजन जुळलं आणि तुकडाही जुळला, तरच नाव लिहायचं. क्रोमॅटोग्राफी ओळखत नाही असं वर म्हटलं, त्याचा अर्थ हा. ती फक्त ठरल्या वेळी दारात आणून सोडते, ओळख पटवायला दुसरा लागतो.

निर्यातीच्या तपासणीत नंतर सीसीसीची ही स्वतंत्र चाचणी पक्की झाली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. निर्यातीच्या द्राक्षांतल्या अंशांसाठी तिथली प्रयोगशाळा देशाची संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम करते.

बागायतदारानं यातून एवढं घ्यावं. रिपोर्टच्या यादीत एखादं नाव नसेल, तर ते मालात नाही असा त्याचा अर्थ होत नाही. त्याचा शोधच घेतलेला नाही, एवढंच कळतं. आणि नावापुढे 'बीएलक्यू' लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ शून्य असा नाही. खात्रीनं मोजता येईल अशा किमान पातळीच्या ते खाली आहे, इतकाच. ती किमान पातळी किती, हे रिपोर्टवरच छापलेलं असतं. वाचत मात्र कुणी नाही.

रक्ताचा आलेख

मधुमेह असलेल्या घरात एचबीए-वन-सी हा शब्द चहासाखरेइतकाच रुळलाय. 'तीन महिन्यांची साखर' असंही म्हणतात. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जातं. किती हिमोग्लोबिनला चिकटलं, त्यावरून मागच्या काही आठवड्यांची सरासरी कळते. पण साखर चिकटलेला आणि न चिकटलेला रेणू यांत फरक तो किती? हिमोग्लोबिन हा अवाढव्य रेणू आणि ग्लुकोज त्यापुढे चिमुकलं.

फरक भाराचा आहे. ग्लुकोज जिथे जाऊन बसतं, त्या टोकाचा धनभार कमी होतो. म्हणून अनेक प्रयोगशाळा रक्ताचा नमुना ऋणभार असलेल्या भुकटीच्या छोट्या कॉलममधून सोडतात. साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन कमी धरलं जातं आणि आधी सुटतं, साधं हिमोग्लोबिन मागून येतं. दोन टेकड्यांची क्षेत्रफळं मोजली की टक्केवारी मिळते. सगळं मिळून काही मिनिटांचं काम.

हेच यंत्र गडचिरोली किंवा नंदुरबारच्या सिकलसेल रुग्णासाठीही उपयोगी पडतं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लाला ऋणभार असतो, व्हॅलिनला नसतो. एक ऋणभार गेला, म्हणजे रेणू थोडा अधिक धन झाला. त्यामुळे तो कॉलमवर जास्त वेळ थांबतो आणि उशिरा, आपल्या ठरलेल्या वेळी बाहेर येतो. गावपातळीवर होणारी विद्राव्यता चाचणी, म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट, सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे तिला कळत नाही. आलेखावर ते दिसतं. वाहकाच्या आलेखात साध्या हिमोग्लोबिनची टेकडी मोठी आणि सिकलची तिच्याहून लहान असते. रुग्णाच्या आलेखात साध्याची टेकडीच नसते, अर्थात त्याला नुकतंच दुसऱ्याचं रक्त चढवलेलं नसेल तर.

आणि जिथे साधं हिमोग्लोबिनच नाही, तिथे एचबीए-वन-सी कशाचं काढणार? शिवाय अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी १२० दिवस टिकतही नाहीत. आलेख असेल तर ही अडचण डोळ्यांसमोर येते. नुसता एक आकडा छापून देणारी पद्धत असेल, तर ती लपून राहू शकते. ज्या भागात सिकलसेल आढळतो, तिथे आकड्याबरोबर आलेखही मागून घ्यावा, असं मला वाटतं.

मोजायला नव्हे, मिळवायला

आतापर्यंतची सगळी खटपट माहितीसाठी होती. पदार्थ मोजला आणि फेकून दिला. औषधाच्या कारखान्यात मात्र वेगळा केलेला पदार्थच हवा असतो, तोही किलोकिलोनं. तिथे कॉलमचा व्यास मीटरभर किंवा त्याहून जास्त असतो आणि हिशेबही बदलतात.

कॅन्सर किंवा संधिवातावरची पुष्कळ नवी इंजेक्शनं म्हणजे प्रतिपिंडं, अँटिबॉडी. ती तयार करायला चिनी हॅमस्टरच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवतात. पेशी प्रतिपिंडं बाहेरच्या द्रवात सोडतात, लिटरमागे काही ग्रॅम. पण त्याच द्रवात पेशींची हजारो इतर प्रथिनं, डीएनए, मेलेल्या पेशींचा गाळ, सगळं असतं. यातून एकच प्रथिन उचलायचं.

इथे भार आणि तेलकटपणा असले ढोबळ फरक मागे पडतात. त्वचेवर गळवं आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आपल्या अंगावर प्रोटीन-ए नावाचं प्रथिन बाळगतो. प्रतिपिंडाच्या शेपटाला ते घट्ट धरतं. आपल्या प्रतिकारशक्तीला चकवण्यासाठी जिवाणूनं घडवलेलं हे हत्यार. कारखान्यात ते मण्यांवर जडवतात आणि टाकीतला द्रव त्यावरून सोडतात. प्रतिपिंडं अडकतात, बाकी सगळं वाहून जातं. मग आम्लधर्मी द्रव, पीएच साडेतीनच्या आसपास, सोडला की पकड सुटते आणि प्रतिपिंडं बाहेर येतात. एका पायरीत शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर जाऊ शकते. इथे 'थोडा जास्त थांबला' असला प्रकार नाही. एक जण पूर्ण थांबतो, बाकीचे मुळीच थांबत नाहीत.

ज्या प्रथिनाला अशी तयार मूठ नाही, त्याला ती लावून देता येते. जनुकातच फेरफार करून प्रथिनाच्या टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाचे सहा रेणू जोडायचे. हिस्टिडिन निकेलला धरतं. निकेल असलेल्या कॉलमवर ते प्रथिन अडकतं आणि इमिडाझोल सोडलं की सुटतं. बायोटेक शिकणाऱ्या पोरांचा हाताला बसलेला पहिला कॉलम बहुधा हाच.

पण एका कॉलमवर भागत नाही आणि इथे धंद्याचं गणित सुरू होतं. प्रत्येक पायरीला थोडा माल हातचा जातो. पायरीमागे ९० टक्के हाती आला, तर चार पायऱ्यांनंतर ६६ टक्केच उरतो. म्हणून पायऱ्या वाढवताना हात आखडतो आणि पहिलीच पायरी जबरदस्त असावी यासाठी प्रोटीन-ए सारख्या अत्यंत महागड्या मण्यांवर पैसा ओतला जातो. एकच भरणी धुऊन धुऊन अनेक बॅचना वापरतात. आम्लात काढण्याचा एक जोडफायदाही आहे. प्रतिपिंडं त्याच आम्लात थोडा वेळ तशीच ठेवली की आवरण असलेले विषाणू, चुकून असलेच तर, निकामी होतात.

पुढच्या कॉलमना मग उरलीसुरली साफसफाई करावी लागते. भाराच्या जोरावर काम करणारा कॉलम पेशींची राहिलेली प्रथिनं आणि डीएनए धरून ठेवतो. त्याच्याकडे आणखी एक काम असतं. मण्यांवर जडवलेलं प्रोटीन-ए दर वेळी अगदी थोडं सुटतं आणि प्रतिपिंडांबरोबर पुढे येतं. ते जिवाणूचं प्रथिन, रुग्णाच्या अंगात जाऊन चालणार नाही. पहिल्या कॉलमनं जे पुढे ढकललं, ते काढायला दुसरा कॉलम. शेवटी बॅच बाहेर पाठवण्याआधी तिच्यातला थेंबभर नमुना छिद्राळ मण्यांच्या छोट्या कॉलमवर सोडतात. प्रतिपिंडं एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले असतील, तर ते मोठे, म्हणून मुख्य टेकडीच्या आधी येतात. त्या आधीच्या उंचवट्याचं प्रमाण ठरलेल्या हद्दीत असेल, तरच कुप्या भरायला घेतात.